अर्थिंगचा वेल्ड बिघडतो तो ठिणगीच्या आधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, कॉपर बॉन्डेड रॉडला केबल जोडायला आम्ही एक्झोथर्मिक वेल्ड करतो, म्हणजे मोल्डमध्ये (साच्यात) पावडर पेटवून वितळलेल्या तांब्याने जोड भरतो. सकाळचे पहिले दोन-चार जॉइंट हमखास खराब निघतात, वरून बारीक भोकं दिसतात, आणि एकदा तर पेटल्यावर वितळलेला माल मोल्डमधून वर उडाला. दुपारी तीच पावडर, तोच माणूस, आणि जॉइंट मस्त. पावडरीत काही गडबड आहे का?

पावडरीचा यात काही दोष दिसत नाही, गडबड ओलाव्याची आहे आणि तुमच्या "दुपारी मस्त" मध्येच ते उत्तर आहे. मोल्ड ग्रॅफाइटचा असतो, आणि ग्रॅफाइट रात्रभर उघड्यावर पडलं की हवेतला ओलावा आत ओढून घेतं, बाहेरून हात लावला तर अगदी कोरडं वाटतं म्हणून कोणी लक्ष देत नाही. आता आत काय होतं ते बघा. पावडर म्हणजे कॉपर ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम, पेटलं की ॲल्युमिनियम त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन घेतं आणि तांबं वितळलेलं खाली सुटतं, तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि सगळं काही सेकंदांत उरकतं. एवढ्या गरम तांब्यासमोर ओलावा आला की त्याची क्षणात वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वेळ नाही, मग ती एकतर तांब्यात बुडबुडे होऊन अडकते (तुमची भोकं) नाहीतर माल वर फेकते. दुसरा प्रकार जीवघेणा आहे हो, तोंडावर आला तर डोळा जाऊ शकतो, तो "एकदा झालं" म्हणून सोडून देऊ नका.

उपाय सरळ आहे. दिवसाचा पहिला जॉइंट करायच्या आधी मोल्डचे दोन्ही भाग उघडून गॅस टॉर्चने आतून-बाहेरून गरम करा, वरची पावडरीची वाटीसुद्धा आणि खाली माल उतरतो ते भोकसुद्धा. साधारण १२० अंशांपर्यंत जायला हवा, म्हणजे पाण्याच्या उकळबिंदूच्या बऱ्यापैकी वर, नुसता कोमट करून उपयोग नाही. मध्ये जेवणाची सुट्टी झाली, मोल्ड पार थंड पडला तर पुन्हा गरम करायचा. पाऊस किंवा दव असेल तर केबलसुद्धा, कारण स्ट्रँडेड केबलच्या तारांमध्ये पाणी शिरून बसतं आणि वरून पुसून ते निघत नाही, तिथे टॉर्चच पाहिजे. दुपारी तुमचे जॉइंट चांगले येतात ते आधीच्या वेल्डनी मोल्ड तापलेला असतो म्हणून, तेवढंच.

प्रश्न: साफसफाई नेमकी किती करायची? आमचा हेल्पर कपड्याने पुसतो आणि म्हणतो एवढ्या उष्णतेत सगळं जळूनच जातं.

जळून जातं हे खरंय, पण जळलेलं जातं कुठे? धूर आणि गॅस बनून त्याच वितळलेल्या तांब्यात शिरतं. तेल, ग्रीस, माती, केबलच्या इन्सुलेशनचा राहिलेला चिकटा, सगळ्याची तीच गोष्ट. आणि काळपट पडलेली तार असेल तर त्या ऑक्साइडच्या थरावर तांबं धड चिकटत नाही, वरून जॉइंट छान दिसतो आणि आत तार नुसती कोंडलेली असते, जुळलेली नसते. म्हणून कपडा पुरत नाही, वायर ब्रश घ्या आणि धातू चकचकीत दिसेपर्यंत घासा, तेही वेल्डच्या अगदी आधी, आदल्या दिवशी घासून ठेवलेलं चालणार नाही.

गॅल्वनाइज्ड पट्टी किंवा रॉड असेल तर जास्त काळजी. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि तांबं वितळतं १०८५ ला, म्हणजे तांबं पातळ असेपर्यंत जस्ताची वाफच होत राहणार. जोडायच्या जागेवरचा जस्ताचा थर कानशीने किंवा ग्राइंडरने काढून खाली लोखंड दिसू द्या, आणि वेल्ड झाल्यावर उघड्या पडलेल्या भागाला झिंक रिच पेंट लावा नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल. कॉपर बॉन्डेड रॉडला मात्र उलटं, तिथे तांब्याचा थर चांगल्या रॉडवरसुद्धा सुमारे २५० मायक्रॉनच असतो, ग्राइंडर लावला की गेला, नुसता ब्रश मारा. आणि रॉड ठोकताना डोकं फुलून छत्रीसारखं झालं असेल तर तेवढा भाग कापून टाका, मोल्डमध्ये तो बसणारच नाही.

प्रश्न: मोल्डच्या बाजूने माल गळतो. माती लावून बंद केलं तर चालेल का?

आधी का गळतो ते शोधा, माती नंतर (आणि साधी ओली माती तर नकोच, वर ओलाव्याबद्दल लिहिलंय ते इथेही लागू). सगळ्यात जास्त वेळा कारण असतं केबलचा साइज आणि मोल्डचा साइज जुळत नाही, "जवळपासचा आहे, चालून जाईल" म्हणून लावलेला असतो, पण प्रत्येक मोल्ड ठराविक केबल, ठराविक रॉड आणि ठराविक जोडणीसाठीच कोरलेला असतो. दुसरं, केबल हॅक्सॉने कापली की टोकाच्या तारा पसरतात आणि मोल्ड पूर्ण मिटत नाही, चांगला केबल कटर वापरा. तिसरं, हँडलचा क्लॅम्प ढिला. हे तिन्ही ठीक असून गळत असेल तर मोल्ड झिजला समजा. एका मोल्डमध्ये साधारण ५० जॉइंट होतात असं बनवणारे सांगतात, पण स्क्रूड्रायव्हरने स्लॅग (वेल्डनंतर उरणारा जळका मळ) खरवडून काढत असाल तर त्याच्या कितीतरी आधी जाईल, ग्रॅफाइट मऊ असतं, गरम असतानाच मऊ ब्रशने झाडा. बारीक फटीसाठी मोल्ड सीलरची खास पुटी मिळते ती ठीक आहे, झिजलेल्या मोल्डचं आयुष्य वाढवायला नाही.

प्रश्न: ११५ ची पावडर संपली, ९० ची आहे. वापरू का? आणि फाटलेल्या पाकिटातली?

दोन्हीला नाही. बऱ्याच कंपन्यांत तो आकडा म्हणजे साधारण ग्रॅममधलं वजन असतं, कमी टाकली तर केबल पूर्ण झाकलीच जाणार नाही, जास्त टाकली तर वर सांडेल. दोन छोटी पाकिटं एकत्र करायची तर मोल्डवर तसं लिहिलेलं असेल तरच. फाटलेल्या पाकिटातून किती सांडलं आणि किती ओल लागली कळत नाही, सोडून द्या. स्टीलची चकती आधी भोकावर सपाट बसवा मगच पावडर ओता, चकती तिरकी बसली की पावडर न पेटताच खाली जाते आणि जॉइंटच्या पोटात अर्धवट माल राहतो. डब्याच्या तळाशी घट्ट बसलेली स्टार्टिंग पावडर (ठिणगीने आधी पेट घेते ती) ठोकून मोकळी करून शेवटी वर पसरा, थोडी मोल्डच्या कडेवर, ठिणगी तिथे द्यायची.

प्रश्न: आमचे सुपरवायझर अर्थ टेस्टरचं रीडिंग चांगलं आलं की सगळे जॉइंट पास करतात. हे बरोबर आहे का?

नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं कारण असं सर्रास चालतं. अर्थ टेस्टर मोजतो तो मुख्यतः जमिनीचा रेझिस्टन्स. ग्रिडमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या अर्थिंगच्या जाळ्यात, दहा वाटा असतात, त्यातले दोन जॉइंट पोकळ असले तरी रीडिंग हलणारसुद्धा नाही. जॉइंटची परीक्षा होते फॉल्टच्या (शॉर्टसर्किटसारख्या बिघाडाच्या) वेळी, हजारो अँपिअर सेकंदाच्या काही भागासाठी जातात तेव्हा. म्हणून तर आयईईई ८० मध्ये (सबस्टेशनच्या अर्थिंगचं स्टँडर्ड) कंडक्टरचा साइज काढताना जॉइंटचा प्रकार बघतात, एक्झोथर्मिक असेल तर तांब्याच्या वितळबिंदूपर्यंत (तिथे तो १०८३ अंश धरलाय) धरता येतं आणि दाबून बसवलेल्या साध्या कनेक्टरला २५० ते ३५० च्या आसपासच. त्या १०८३ च्या भरवशावर कंडक्टर बारीक घेतलेला असतो, आणि जॉइंटच भोकाभोकांचा निघाला तर तो हिशोबच उरत नाही.

मग तपासायचं कसं? मोल्ड उघडल्यावर स्लॅग झाडून नीट बघा. केबल कुठेही उघडी दिसता कामा नये, माल तिच्यावरून भरून आलेला हवा. रंग सोनेरी ते ब्राँझ, कधी थोडा चंदेरी, तो ठीक. चिकटून राहिलेल्या स्लॅगने वरचा पाचवा हिस्सा झाकला असेल तर नापास करा. भोकात बारीक तार घालून बघा, साधारण पाऊण मिलिमीटरपेक्षा खोल गेली तर नापास. मग हातोडीचा एक ठोका, सैल झाला किंवा तडकला तर कळेल. मायक्रोओहम मीटर (अगदी कमी रेझिस्टन्स मोजणारा) असेल तर जॉइंटचं रीडिंग घ्या आणि तेवढ्याच लांबीच्या सलग केबलशी ताडून बघा, जास्त येता कामा नये. आणि नवीन मोल्ड, नवीन पावडर किंवा नवीन माणूस असेल तेव्हा पहिला जॉइंट हॅक्सॉने मधोमध कापून आत बघा, त्याच्याएवढं खरं सांगणारं दुसरं काही नाही. हे सगळं खड्डा बुजवायच्या आधी, सुपरवायझरना सही करायच्या आधी खड्ड्यात उतरून बघायला सांगा. नापास जॉइंटवर दुसरा वेल्ड चढवू नका, कापून काढा आणि नव्याने करा.

प्रश्न: ठिणगी दिली आणि पेटलंच नाही तर?

लगेच वाकून आत बघू नका. थोडं थांबा, बाजूला उभं राहून पुन्हा ठिणगी द्या, आणि तरी नाही पेटलं तर स्टार्टिंग पावडर ओली आहे किंवा खाली मिसळून गेलीय, सगळं काढून नवीन पाकीट लावा. गॉगल आणि चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, आसपास जळण्यासारखं काही ठेवू नका, आणि गरम मोल्ड थंड करायला त्यावर पाणी कधीही ओतायचं नाही.