कारगिलच्या वार्तांकनावरचा लेख: थोडं संदर्भांविषयी

कारगिल युद्धाच्या वार्तांकनावरच्या विकिपीडिया लेखाचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण ‘माध्यमांनी देशाचं मनोबल उंचावलं’ हे वाक्य विकिपीडियाच्या आवाजात, म्हणजे कुणाचाही हवाला न देता, चालणार नाही. कोण म्हणालं, कुठे, कधी ते लिही. नाहीतर सरळ काढ.

मुख्य मुद्दा असा. युद्ध चालू असतानाची बातमी त्या दिवशी काय सांगितलं गेलं याचा पुरावा असते, काय घडलं याचा नव्हे. म्हणून मृतांचे आकडे मे-जुलै १९९९च्या वृत्तपत्रांच्या अंकांतून उचलू नकोस. त्यासाठी नंतरचे अभ्यास आणि युद्धाचा आढावा घ्यायला सरकारने नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल बघ. अंक वापर ते मथळे, भाषा, छायाचित्रांची निवड दाखवायला. त्यांवरून निष्कर्ष मात्र तू काढायचा नाहीस, तो अभ्यासकाचाच हवा.

भारत सरकारने तेव्हा पीटीव्हीच्या, म्हणजे पाकिस्तानच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या, प्रक्षेपणावर बंदी घातली होती, ते मसुद्यात नाहीच! ते हवंच, टीका आणि समर्थन दोन्हींसह.

पुण्यात आहेस हे फार बरं. ‘केसरी’ १८८१पासूनचा, ‘सकाळ’ १९३२पासूनचा, दोन्ही इथलेच. जुने अंक चाळताना तारीख, पान, मथळा तिथल्या तिथे वहीत उतरव. तारीख नसलेलं कात्रण कितीही बोलकं असो, बाजूला ठेव.

सुधारलेला परिच्छेद आधी लेखाच्या चर्चा पानावर टाक, मी बघतो.