चेंडू कुठून येतो, ते आधी बघ

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या क्लबला खेळाडू सुचवणारा तुझा अहवाल दोनदा वाचला. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या तळाच्या संघांतले अकरा स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल करणारे खेळाडू; प्रत्येकाचं वय, गोल, किती मिनिटांमागे एक गोल, किंमत. मेहनत घेतली आहेस आणि आकडे नेटके आहेत. पण अकरापैकी एकाही पानावर त्या खेळाडूपर्यंत चेंडू कसा पोहोचतो, हे लिहिलेलं नाही. तळाच्या संघातल्या स्ट्रायकरबद्दल बोलायचं तर सुरुवातच तिथून करावी लागते. वरच्या संघात एक संधी हुकली तर दहा मिनिटांत दुसरी येते. वीसपैकी सतराव्या क्रमांकावरच्या संघात कधीकधी अख्ख्या सामन्यात एकच धड संधी मिळते. ती डोक्यावर येणार, पायात येणार की बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत, हे प्रशिक्षकाच्या खेळण्याच्या पद्धतीवर ठरतं. स्ट्रायकरच्या हातात त्यातलं फार थोडं असतं.

हे मी चूक करून शिकलो, म्हणून ती चूक आधी सांगतो. नोव्हेंबर 2010 मध्ये आपल्या पुण्याच्या व्हेंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला, तेव्हापासून मी तो संघ बघत आलो आहे. 1995 चा इंग्लंडचा विजेता क्लब पुणेकरांच्या मालकीचा झाला, याचं तेव्हा फार अप्रूप होतं. पुढे दीड वर्षात संघ प्रीमियर लीगमधून, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतून, खाली गेला, तरी माझं बघणं सुटलं नाही. 2020-21 मध्ये, दुसऱ्या श्रेणीत म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, ब्लॅकबर्नच्या ॲडम आर्मस्ट्राँगने 28 गोल केले. त्याच्यापुढे फक्त ब्रेंटफर्डचा आयव्हन टोनी होता, 31 गोलांवर. ब्लॅकबर्न मात्र पंधरावा आला. पंधराव्या संघात 28 गोल करणारा माणूस चांगल्या संघात किती करेल, असा हिशेब मी मांडला. साउदॅम्प्टनने डॅनी इंग्जच्या जागी त्याला घेतलं, तेव्हा हा प्रीमियर लीगमध्ये डझनभर गोल करणारच, असं मी छातीठोकपणे लिहून मोकळा झालो. पहिल्याच सामन्यात एव्हर्टनविरुद्ध त्याने गोल केला. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर लीगमधले दोन गोल होते.

मी काय पाहिलं नव्हतं? ब्लॅकबर्नचा जवळजवळ प्रत्येक हल्ला शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबायचा. तो कुठूनही फटका मारायचा आणि कोणी त्याला अडवायचं नाही, कारण संघाची रचनाच तशी होती. साउदॅम्प्टनमध्ये राल्फ हाझेनह्यूटल यांच्या संघात फॉरवर्डचं पहिलं काम म्हणजे समोरच्या बचावपटूंच्या अंगावर धावून जाणं. फटके त्यानंतर, आणि तेही वाटून. पुढे 2023-24 मध्ये तोच आर्मस्ट्राँग, त्याच साउदॅम्प्टनसाठी, पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये 21 गोल करून गेला आणि वेम्बलीवर, बढतीच्या अंतिम सामन्यात, लीड्सविरुद्ध त्याच्याच गोलने संघ वर आला. मी त्याच्या पायांचा अभ्यास केला होता, त्याच्या आजूबाजूच्या दहा जणांचा नाही.

आता अलेक्झांडर मित्रोविचकडे बघ. माझ्या मते या विषयातलं याहून चांगलं उदाहरण नाही, कारण इथे क्लबही बदलत नाही. 2020-21 मध्ये फुलहॅम प्रीमियर लीगमध्ये अठराव्या क्रमांकावर राहून खाली गेला. स्कॉट पार्कर यांचा तो संघ चेंडू राखून, सावकाश, धोका टाळत खेळायचा. 38 सामन्यांत गोल फक्त 27. त्यात मित्रोविचचे तीन, आणि बराच वेळ तो बाकावर. मग मार्को सिल्व्हा आले. त्यांनी फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, वर पाठवले, विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारे, मोकळे केले आणि दोन्ही बाजूंनी चेंडू पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, यायला लागला. मित्रोविचसारख्या दणकट माणसाला नेमकं तेच हवं होतं: बचावपटूच्या अंगाला भिडून उभं राहायचं आणि शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल पुढे टाकायचं. 2021-22 मध्ये त्याचे 44 सामन्यांत 43 गोल, चॅम्पियनशिपचा विक्रम. संघाचे एकूण 106. हे खालच्या लीगमध्येच चालतं, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. पुढच्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये त्याने 24 सामन्यांत 14 गोल केले आणि फुलहॅम दहावा आला. तू 2021 च्या उन्हाळ्यात त्याच्यावर पान लिहिलं असतंस, तर त्यावर तीन हाच आकडा असता. त्या पानाने तुझ्या क्लबला काय सांगितलं असतं, याचा विचार कर.

तुझ्या अहवालात ‘उंच, हवेत मजबूत’ हे शब्द चार जणांसाठी आले आहेत. ते काढून टाक. ख्रिस वूड बर्न्लीसाठी सलग चार मोसम प्रीमियर लीगमध्ये दहा किंवा जास्त गोल करत होता. प्रशिक्षक शॉन डाइश यांचं सरळ 4-4-2 (चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे), चेंडू बाजूला आणि तिथून आत. जानेवारी 2022 मध्ये न्यूकॅसलने अडीच कोटी पौंड मोजून त्याला नेलं. तळाशी झगडणाऱ्या संघाचा स्ट्रायकर मोसमाच्या मध्यावर उचलला गेला, म्हणून बर्न्लीने घाईघाईने वाउट वेखॉर्स्टला आणलं. तोही उंच, वूडपेक्षाही उंच. पण त्याच्या खेळाचा जीव धावून दबाव टाकण्यात आणि चेंडू जोडून देण्यात होता. त्या अर्ध्या मोसमात त्याचे लीगमध्ये दोन गोल झाले. आणि न्यूकॅसलमध्ये वूडचेही दोनच! बर्न्ली अठराव्या क्रमांकावर राहून खाली गेला. वूड मात्र नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये पुन्हा उभा राहिला. संघ सतरावा आला त्या 2023-24 मध्ये 14 गोल आणि पुढच्या मोसमात, तेहेतिसाव्या वर्षी, 20. फॉरेस्ट खाली दाटून बचाव करायचा, चेंडू मिळाला की विंगर सुसाट सुटायचे आणि वूड योग्य क्षणी बॉक्समध्ये पोहोचायचा. त्याला फार पळावं लागत नव्हतं, आणि ते त्याच्या वयाला साजेसं होतं.

दुसरी बाजूही आहे. सगळंच पद्धतीच्या माथी मारू नकोस. काही जण संघ बुडत असतानाही स्वतःचे गोल स्वतः काढतात. लियाम डेलॅपचं 2024-25 बघ. इप्सविचने 38 सामन्यांत 36 गोल केले, त्यातले 12 त्याचे. तो मध्यरेषेजवळ चेंडू घ्यायचा, अंगावर आलेला बचावपटू खांद्याने बाजूला करायचा आणि एकटा धावत सुटायचा. इप्सविच खाली गेला आणि चेल्सीने तीन कोटी पौंड देऊन त्याला घेतलं. पण चेल्सीसमोर संघ खाली दाटून बसतात, असं मोकळं मैदान तिथे क्वचितच मिळतं. असा खेळाडू सुचवताना निम्मं पान यावरच खर्च व्हायला हवं.

त्याच मोसमात साउदॅम्प्टनने रसेल मार्टिन यांच्या हाताखाली गोलकीपरपासून छोटे पास खेळत वर यायचा हट्ट धरला. डिसेंबरमध्ये त्यांना काढलं, तरी संघ सावरला नाही: शेवटी 12 गुण आणि 26 गोल. चेंडू स्वतःच्याच बॉक्ससमोर हरवत असेल, तर पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या आकड्यावरून त्याची पारख करणं अन्याय आहे. तुझ्या यादीतले दोघे अशाच संघातले आहेत. त्यांना तू सर्वांत खाली ठेवलं आहेस.

आणि ब्लॅकबर्नचेच आणखी दोघे. 2011-12 मध्ये संघ एकोणिसावा आला तेव्हा 48 पैकी 17 गोल याकुबूचे होते. ते आकडे मी आजही खरे मानतो, कारण त्याआधी पोर्ट्समथ, मिडल्सब्रो, एव्हर्टन अशा निरनिराळ्या संघांत त्याने गोल केले होते. सॅमी झ्मॉडिक्सने 2023-24 मध्ये संघाच्या 60 गोलांपैकी 27 केले, चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक, आणि शेवटच्या दिवशी लेस्टरमध्ये दोन मारून संघ वाचवला. पण तो पुढे उभा राहणारा स्ट्रायकर नव्हेच. तो मागून, उशिरा, कुणाचं लक्ष नसताना येतो. इप्सविचने घेतल्यावर प्रीमियर लीगमध्ये त्याचे चार गोल झाले. दुखापतीनेही गाठलं, हे खरं. पण सतत मागेच रेटल्या जाणाऱ्या संघात असं उशिरा येणं जमणार तरी केव्हा?

तेव्हा आता हे कर. अकराही जणांचे, त्यांनी गोल न केलेले प्रत्येकी तीन सामने पूर्ण बघ. गोलांच्या चित्रफिती बंद. कागदावर मैदान काढ आणि चेंडूला त्याचा पहिला स्पर्श जिथे होतो तिथे खूण कर. शेजारी लिही: चेंडू कोणी दिला, आणि घेताना त्याचं तोंड गोलकडे होतं की पाठ. पंधरा-वीस खुणा झाल्या की संघाची पद्धत तुला आपोआप दिसायला लागेल. पेनल्टी वेगळ्या काढ. अँडी जॉन्सनने 2004-05 मध्ये क्रिस्टल पॅलेससाठी 21 गोल केले, त्यातले 11 पेनल्टीवर होते. आणि चेंडू पुरवणारा विंगर किंवा फुलबॅक पुढच्या मोसमात त्या क्लबमध्ये राहणार आहे का, ते विचारल्याशिवाय कोणाचंही पान बंद करू नकोस. ‘अपेक्षित गोल’, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज, हा तुझा रकाना राहू दे, उपयोगी आहे. फक्त तो पानाच्या शेवटी टाक.

सुरुवात त्या खाली ढकललेल्या दोघांपासून कर. एकाचं पान झालं की लगेच पाठव, अकरा पुरे व्हायची वाट बघू नकोस. रविवारी सकाळी मी घरीच असतो. कागद घेऊन आलीस तर खुणा बरोबर बसूनच बघू.

तुझा,
काका