नव्या मॉडेल गाडीच्या विक्रीच्या पहिल्या दिवशी मुलाला घेऊन दुकानात जावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गावातल्या खेळण्यांच्या दुकानात येत्या शनिवारी एका संग्राह्य मॉडेल गाडीचे ‘लाँच’ आहे, गाड्या मोजक्याच येणार आहेत, सात वर्षांच्या मुलाने हट्ट धरला आहे, तर तिथे नेमके काय घडते, आणि सुटीच्या दिवशी पहाटे उठून रांग लावावी इतके त्यात काही असते का?

मी टोकियोत, निशी-कासाई या भारतीयांची बरीच वस्ती असलेल्या भागात राहतो आणि मुलाच्या पायी गेल्या काही वर्षांत अशा रांगांत पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे. त्यामुळे उत्तर इथल्या अनुभवावरून देतो. ‘लाँच’ या शब्दाने मात्र आधीच फसू नये. पडदा सरकतो, दिवे लागतात, कंपनीतला कोणी मोठा माणूस भाषण करतो, असे चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते काढून टाकावे. बहुतेक वेळा तो रेशनच्या दुकानातल्या वाटपासारखा प्रकार असतो. फरक इतकाच की रांगेतल्या माणसांचे चेहरे अधिक उत्सुक असतात आणि कोणी मध्ये घुसत नाही.

जपानात या गोष्टीची तिथी ठरलेली आहे. टोमिका नावाच्या छोट्या धातूच्या गाड्यांची नवी मॉडेल्स दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी बाजारात येतात, आणि ज्या घरात गाड्यांचे वेड लागलेले मूल आहे त्या घरात हा शनिवार संकष्टीसारखा पाळला जातो. टोमी या कंपनीने (२००६ मध्ये ताकारा ही दुसरी कंपनी तिच्यात विलीन झाली आणि ती ताकारा-टोमी झाली) ऑगस्ट १९७० मध्ये सहा गाड्यांनी ही मालिका सुरू केली. तोवर जपानी मुले परदेशी बनावटीच्या छोट्या गाड्यांशी खेळत, आणि घरासमोरच्या रस्त्यावर रोज दिसणारी गाडी त्यांत क्वचितच सापडे. म्हणून पहिल्या सहांत ब्लूबर्ड, कोरोना मार्क टू, क्राउन, पोलिसांची क्राउन, टोयोटा २००० जीटी आणि फेअरलेडी झेड अशा साऱ्या देशी गाड्या होत्या. किंमत १८० येन होती. आज ती पाचशेच्या वर गेली आहे. मालिकेतले क्रमांक मर्यादित असल्यामुळे नवी गाडी आली की त्या क्रमांकाची जुनी गाडी निवृत्त होते. शिवाय नव्या गाडीबरोबर पुष्कळदा तिचीच वेगळ्या रंगातली ‘पहिली विशेष आवृत्ती’ निघते. ती पुन्हा काढली जात नाही, आणि खरी रांग तिच्यासाठीच असते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकान दहाला उघडते म्हणून बरोबर दहाला पोहोचलो. दारावर एक कागद चिकटवलेला होता: सेइरिकेन संपले. सेइरिकेन म्हणजे क्रमांक घातलेले टोकन. ते दुकान उघडण्याआधीच वाटले जाते, आणि ते हातात नसेल तर नंतर तासभर रांगेत उभे राहूनही उपयोग नसतो. ही सूचना दुकानाने आठवडाभर आधी दिली होती, पण ती कांजी लिपीत होती आणि मी ती न वाचताच पुढे गेलो होतो. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. घरी आल्यावर त्याने साताऱ्याला आजोबांना फोन लावून एवढेच सांगितले, “आबा, बाबांना वाचता येत नाही.”

पुढच्या खेपेला गाडी होती सुझुकीची जिम्नी. खरी नवी जिम्नी जपानात जुलै २०१८ मध्ये आली होती आणि तिच्यासाठी लोक वर्षभर थांबायला तयार होते. त्या मानाने आमचे दोन-अडीच तास काहीच नव्हते. साडेसातला पोहोचलो तर पुढे चाळीसएक माणसे होती. निम्म्या लोकांबरोबर मुले नव्हती. चाळिशी-पन्नाशीतले पुरुष घडीची स्टुले टाकून शांतपणे वाचत बसले होते, आणि त्यांच्याकडे पाहून मला आपल्या नाट्यगृहाबाहेर तिकीट खिडकी उघडण्याची वाट पाहणारे जुने रसिक आठवले. रांगेच्या शेवटी जो उभा असेल त्याच्या हातात ‘इथे रांग संपते’ अशी पाटी असते, आणि नवा माणूस आला की आधीचा माणूस ती पाटी त्याच्याकडे सोपवून मोकळा होतो. मुलाने ती पाटी चार-पाच मिनिटे दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पुढचा माणूस आला तेव्हा ती द्यायला तो तयार होईना. त्या दिवसाविषयी त्याला विचाराल तर आजही तो आधी गाडीविषयी बोलत नाही, त्या पाटीविषयी बोलतो.

नऊला टोकने वाटली. आमचे क्रमांक ४३ आणि ४४. एका माणसाला एक गाडी असा नियम होता, आणि मूल स्वतः हजर असेल तर त्याचाही एक माणूस धरत होते, त्यामुळे आम्हांला एक साधी आणि एक विशेष आवृत्ती अशा दोन घेता आल्या. गल्ल्यावरच्या मुलीने खोका दोन्ही हातांनी पुढे करून “हीच ना?” असे त्यालाच विचारले. खोक्यावर ‘शिन्शा’, म्हणजे ‘नवी गाडी’, असा छोटा स्टिकर होता. आमच्या पुढचा माणूस गाडी घेऊन खिडकीशी गेला, खिशातून घड्याळजीकडे असते तसले भिंग काढले आणि पुढच्या दिव्यांचा रंग रेषेबाहेर गेला आहे का, दोन्ही बाजूंची छपाई सारखी आहे का, हे बराच वेळ पाहत राहिला. मग खोका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कडक डब्यात आणि डबा बॅगेत. त्याच्या शेजारीच माझ्या मुलाने खोक्याची झडप फाडली होती आणि गाडी खिडकीच्या कठड्यावर ठेवून तिच्या टपावर बोट दाबत होता. टोमिकाच्या चाकांना स्प्रिंगसारखी लवचीकता असते, दाबले की गाडी बसते आणि सोडले की उठते. दोघांनी एकदा एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही समोरच्याचे वागणे कळले नसावे.

इथे थोडे विषयांतर करतो. पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये भारतात विकायला आली. ती गुरुग्रामच्या कारखान्यात तयार होते, आणि तीच जानेवारी २०२५ मध्ये ‘जिम्नी नोमाड’ या नावाने जपानात जाहीर झाली, तेव्हा चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० जणांनी मागणी नोंदवली आणि कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. ही गाडी भारतातून येते हे माझ्या मुलाने वर्गात सांगून घेतले. खेळण्याच्या रांगेत पाटी धरणाऱ्याला हा अभिमान शोभतो.

रांगेची एक बाजू मात्र तितकीशी गोड नाही. तिथे मुलांचे बाप असतात, खरे संग्राहक असतात, आणि तिसरा वर्ग असतो तो तेनबाइया, म्हणजे घेऊन लगेच चढ्या भावाने विकणाऱ्यांचा. पहिली आवृत्ती दुपारपर्यंत इंटरनेटवर दुप्पट-तिप्पट किमतीला दिसू लागते. टोकने, माणशी एक हा नियम, सोडत, हे सारे त्यांना आवरण्यासाठीच आहे. काही दुकाने तर पोकेमॉनच्या पत्त्यांचे वेष्टन गल्ल्यावरच फाडून मग पत्ते हातात देतात, म्हणजे पुढे विकायची सोयच उरत नाही. पण नवलाईचे नऊ दिवस सरले की यांतल्या बहुतेक गाड्यांचा भाव उतरतो. “पुढे किंमत येईल” या हिशेबाने आपण जाणार असाल, तर माझे मत स्पष्ट आहे, जाऊ नये. त्या हिशेबात आपल्यापेक्षा तयारीचे लोक रांगेत आपल्या पुढे उभे असतात.

आपल्याकडचे दुकान बहुधा मॅटेल या अमेरिकी कंपनीच्या हॉट व्हील्स गाडीविषयी बोलत असेल, आणि तिथे रीत थोडी निराळी आहे. हॉट व्हील्स १९६८ मध्ये १६ गाड्यांनी सुरू झाले. १९९५ पासून ‘ट्रेझर हंट’ नावाच्या काही गाड्या नेहमीच्या गाड्यांच्या खोक्यांत मिसळून पाठवल्या जातात, त्यामुळे तिथे पहिल्या दिवसाचे महत्त्व ‘नवे खोके आपल्यासमोर फोडले जाते का’ यावर असते. साध्या ट्रेझर हंटवर वर्तुळातल्या ज्वाळेची खूण असते. त्याहून दुर्मीळ अशा ‘सुपर’ ट्रेझर हंटवर ‘टीएच’ ही अक्षरे, रबरी टायर आणि चमकता, आतून धातू दिसावा असा रंग असतो. दुकानातल्याच कोणी आधी खोके चाळले असेल तर सकाळी सहाची रांगही व्यर्थ, आणि हे विचारायला संकोच करू नये.

माझ्या पिढीला हे सगळे थोडे गमतीचे वाटते. आमच्या लहानपणी भारतातच बनणाऱ्या लिओ मॅटेलच्या हॉट व्हील्स गाड्या आम्ही शहाबादी फरशीवरून जिन्यापर्यंत ढकलत असू आणि रंगाचे टवके उडाले की नेलपॉलिशने भरत असू. त्याच गाड्यांसाठी आज परदेशातले संग्राहक चांगले पैसे मोजतात. माझ्याकडे उरलेल्या दोन गाड्यांची चाके केव्हाच गेली आहेत.

मुलाच्या आनंदापुरतेच बोलायचे तर रांगेपेक्षा सरस जागा माझ्या माहितीत आहे. टोकियो स्टेशनच्या खालच्या मजल्यावर टोमिकाचे स्वतःचे दुकान आहे आणि तिथे ‘जोडणीचा कारखाना’ आहे. मुलाने गाडीचा रंग, आतल्या आसनांचा रंग आणि चाके निवडायची, आणि कारखान्यातल्या कामगारासारखा पोशाख केलेला कर्मचारी ते तुकडे एकावर एक ठेवून यंत्राखाली दाबून गाडी त्याच्या डोळ्यांदेखत जोडून देतो. तो दाब बसतानाचा ‘खट्’ आवाज ऐकायला माझा मुलगा आणखी एक गाडी मागतो. आपण कधी इकडे आलात तर तिसऱ्या शनिवारची गर्दी टाळून साध्या वारी तिथे जावे.

येत्या शनिवारी जाणार असाल तर शुक्रवारी दुकानाला फोन करून इतके विचारून घ्यावे: टोकन देणार की जो आधी येईल त्याला, टोकन असेल तर वाटप किती वाजता, माणशी किती गाड्या, आणि खोके ग्राहकांसमोर फोडणार का. मुलाचे वेगळे टोकन मिळते का हेही त्याच फोनवर विचारावे, कारण मिळत असेल तर त्याला झोपेतून उठवून न्यावे लागेल, आणि मिळत नसेल तर त्याला घरी झोपू देऊन आपण एकट्याने जाणे सोयीचे पडेल.