बायबलमधून नेतृत्व आणि कामाची निष्ठा यांबद्दल काय शिकता येतं?

बहुतेक जण इथे शलमोन किंवा दावीद यांची नावं घेतील. मी नहेम्याचं घेईन. हा पारसाच्या (इराणच्या) राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक; सुखाची नोकरी. ती सोडून तो यरुशलेमचा पडका तट बांधायला गेला. पोचल्यावर भाषण ठोकलं नाही. तीन दिवसांनी, रात्री मोजकी माणसं घेऊन आधी पडझड डोळ्यांनी पाहिली. मग लोकांना बोलावलं. अनेकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. स्वतःच्या दारापुढची भिंत कोण कच्ची ठेवेल? तट ५२ दिवसांत पुरा झाला. तकोवा गावच्या सरदारांनी मात्र कामाला खांदा दिला नाही, आणि तेही बांधणाऱ्यांच्या यादीत नोंदलेलं आहे!

मला सर्वांत भिडतं ते नहेम्याच्या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायातलं: सुभेदार म्हणून मिळणारा अन्नभत्ता त्याने १२ वर्षं घेतला नाही, कारण लोक आधीच ओझ्याखाली होते.

दुसरा प्रसंग बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायातला. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा. सासरा इथ्रो म्हणाला, अशाने तूही थकशील आणि लोकही. हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेम, अवघड तेवढंच तुझ्याकडे येऊ दे. मोशेने ऐकलं.

‘जे काही कराल ते जिवेभावे करा’ हे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातलं (३:२३) वचन वरिष्ठांना फार आवडतं. पुढच्या तिसऱ्याच वचनात धन्यांनाही न्यायाने वागायला सांगितलंय, ते कुणी वाचून दाखवत नाही.