मुलीच्या कॉलेजसाठी अमेरिकेत येताय, तर एवढं विचारून या

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची कंपनी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, अमेरिकेला पाठवतेय, मुलगी अकरावीत आहे, आणि तिथे पदवीच्या मुलांनाही संशोधन करायला मिळतं, त्याचं मोठं प्रदर्शन भरतं, बक्षिसं मिळतात, तर तिच्यासाठी यावं का? व्हिसाचे फॉर्म, फी, घरभाडं हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते मी सांगत बसत नाही. पण मुलीचं वाचलं आणि रात्री लिहायला बसले.

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. इथल्या एमआयटी या विद्यापीठात 1969 साली मार्गारेट मॅकव्हिकर या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत घ्यायची रीतसर योजना सुरू केली. पुढे ते लोण देशभर पसरलं. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो. पदवीच्या संशोधकांची राष्ट्रीय परिषद पहिल्यांदा भरली ती याच राज्यात, ॲशव्हिलला, 1987 मध्ये. आता बहुतेक मोठ्या विद्यापीठांत वसंतात, साधारण एप्रिलमध्ये, अशा प्रदर्शनाचा दिवस असतो. मोठ्या हॉलमध्ये पोस्टरच्या रांगा लागतात, प्रत्येक पोस्टरपाशी एक मूल उभं असतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तीन-चार मिनिटांत आपलं काम समजावून सांगतं.

माझी लेक दुसऱ्या वर्षाला होती. ओढ्याच्या तळाशी दगडांना चिकटून राहणाऱ्या किड्यांवरून पाण्याची प्रत ओळखायची, असं तिचं काम. मे-फ्लायसारख्या काही किड्यांच्या अळ्यांना स्वच्छ पाणी लागतं. पाणी बिघडलं की आधी त्या नाहीशा होतात. थंडीत ओढ्यात उतरून नमुने आणायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अळी मोजायची. त्या दिवशी एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक तिच्या पोस्टरसमोर थांबले आणि म्हणाले, ‘हा आकडा मला पटत नाही.’ ती घाबरली नाही. तिने नमुने कुठे, कसे घेतले ते सांगितलं, ते ऐकत राहिले, शेवटी मान डोलावून पुढे गेले. कोल्हापूरला बीएस्सीला मीही प्रकल्प केला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाइल उघडली, सही केली, मिटली. मला कुणी एक प्रश्न विचारला असता तर मी काय काय सांगितलं असतं! लेकीच्या पोस्टरपासून जरा लांब उभी राहून मी हेच आठवत होते.

तिला बक्षीस मिळालं. खरं सलतंय ते इथून पुढचं. बक्षीस म्हणजे त्याच प्रयोगशाळेत उन्हाळाभर पगारी काम. ती तेव्हा एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या जोडीदार-मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर होती, आमच्यावर अवलंबून. एच-फोरवरच्या मुलांना कमवायची परवानगी नाही. काही जोडीदारांना 2015 पासून कामाचा परवाना मिळतो, मुलांना नाही. विद्यापीठाच्या कार्यालयातून दोन ओळींची ईमेल आली आणि जागा पुढच्या मुलाला गेली. त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत तिचं नाव आणि कामाचा सारांश मात्र आहे. ती पुस्तिका अजून माझ्या कपाटात आहे, आणि मला ती धड उघडवत नाही.

मग बाहेरचं काही बघू म्हटलं. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर देशभर पदवीच्या मुलांसाठी उन्हाळी संशोधनाच्या जागा असतात, पण त्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना असलेल्यांनाच. विज्ञानाच्या मुलांची मानाची गोल्डवॉटर शिष्यवृत्ती, तिथेही तीच अट. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत आहे. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग कशी आहे ते तुम्हाला कुणीही सांगेल. आणि मूल 21 वर्षांचं झालं की एच-फोर संपतो. ती ऐन परीक्षेच्या दिवसांत एफ-वनसाठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी, कागद गोळा करत होती. शाळेपासून इथेच शिकलेली मुलगी, आणि अर्जात लिहायचं की शिक्षण संपलं की मी परत जाईन. ते वाचताना तिचा चेहरा पाहिला, त्याबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही.

तुमच्या मुलीसाठी आत्ताच दोन गोष्टी लक्षात ठेवा. एच-फोरवर असताना संशोधन पगारासाठी नाही, क्रेडिटसाठी घ्यायचं. विषय म्हणून नोंदवलं की कुणी अडवत नाही, आणि पोस्टरही लावता येतं. एफ-वन झाला की विद्यापीठातच, सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत पगारी काम चालतं. त्यामुळे प्राध्यापकांकडे स्वतःचा निधी असेल तर मार्ग निघतो.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. गणपतीला मंडळात जायचं, शेजारणीला पोहे द्यायचे, होतं हळूहळू.

तिकडे भारतातही आता वाटा आहेत, हे मुद्दाम सांगते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो. पुण्याला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. देशाच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधनासाठी शिष्यवृत्त्या देतात. तिथे तुमच्या मुलीला कुणी व्हिसा विचारणार नाही. पण त्या हॉलमध्ये, अनोळखी माणसासमोर आपला आकडा धरून उभी राहिलेली माझी मुलगी मला तिकडे दिसली असती का, हे मला ठरवता येत नाही. लेकीला विचारलं तर ती म्हणते, आई, ओढा इथेच होता ना. आणि विषय बदलते.

सही करण्याआधी नवऱ्याला कंपनीकडून लेखी घ्यायला सांगा की ग्रीन कार्डची प्रक्रिया कोणत्या महिन्यात सुरू करणार. ‘बघू’ असं उत्तर आलं तर मुलीचं वय समोर ठेवून पुन्हा विचारा. आणि तिलाही विचारा, तिला कशावर काम करायचंय. तिचं उत्तर मला नक्की कळवा.