कोड्यातला सैतान

प्रश्न : एका वेबसिरीजमध्ये भिंतीवर पाच ओळींचा लॅटिन चौकोन रक्ताने लिहिलेला होता. सैतानाला बोलावण्याचा मंत्र म्हणे. तेव्हापासून मुलगी तो वहीभर काढत बसते. आजीचा जीव टांगणीला. खरंच काही धोका असतो का? — एक वाचक, मिरज

उत्तर : काढू द्या हो! हा तोच असणार :

स आ ट ओ र
आ र ए प ओ
ट ए न ए ट
ओ प ए र आ
र ओ ट आ स

उलट, सुलट, वरून, खालून, कसाही वाचा, तीच पाच पदं. आपलं ‘चिमा काय कामाची’ दोनच दिशांनी चालतं. शब्दकोडी रचून पोट भरणारीला याचा हेवाच वाटणार.

साटोर म्हणजे पेरणारा, रोटास म्हणजे चाकं, टेनेट म्हणजे धरतो, ओपेरा म्हणजे श्रमाने, असे चार शब्द ओळखीचे. ‘आरेपो’ मात्र लॅटिनमध्ये इतरत्र कुठे सापडत नाही. माझ्या मते रचणाऱ्याचं घोडं तिथेच अडलं. मग ‘ओपेरा’ उलटं करून त्याने ते पेरणाऱ्याचं नाव म्हणून खपवलं. कोडेवाले असं करतात, मीही करते.

इ.स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईत हा चौकोन खरवडलेला सापडला आहे. तिथे ‘रोटास’ वरच्या ओळीत आहे. सिरियातल्या ड्युरा-युरोपसमध्येही मिळाला. याच २५ अक्षरांतून ‘पाटेर नोस्टेर’, म्हणजे ‘आमच्या पित्या’, हे ख्रिस्ती प्रार्थनेचे पहिले शब्द क्रॉससारखे दोनदा मांडता येतात, मधला ‘न’ सामाईक. उरतात दोन आ, दोन ओ. म्हणजे अल्फा आणि ओमेगा, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं नि शेवटचं अक्षर, ख्रिस्ती लोकांत देवाची खूण! पण पाँपेईत तेव्हा ख्रिस्ती होते का, यावर पंडितांचं अजून जुंपलेलं आहे.

पुढे युरोपात लोकांनी याचा ताईतच केला. अडलेलं बाळंतपण, आग, पिसाळलेला कुत्रा, सगळ्यावर हाच उतारा. म्हणजे आजीच्या अंगाऱ्याच्या जातीचा.

मग भीती आली कुठून? प्रार्थना उलटी म्हणणं म्हणजे चेटूक, ही तिकडची जुनी समजूत. भयपटांना ती आयतीच मिळाली. १९७३च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये टेपवरची अगम्य भाषा उलटी वाजवल्यावर साधी इंग्रजी निघते. लॅटिनचं तर विचारूच नका. ‘द ओमेन’मधल्या (१९७६) समूहगानात ‘आम्ही रक्त पितो’ म्हणताना ‘रक्त’ची विभक्तीच चुकली आहे, तरी त्या संगीताला ऑस्कर!

मुलीला म्हणावं, मराठीत असा चौकोन जमला तर पाठव. आरेपोसारखी लबाडी एकदाच चालेल.