ब्रेन हॅमरेजनंतर हात परत येईल का, हे एमआरआयवरून कळतं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना २० दिवसांपूर्वी मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला, उजवा हात-पाय गेला आणि आता डॉक्टरांनी डीटीआयसकट (मेंदूतले तंतू दाखवणारी एमआरआयची खास पद्धत) एमआरआय सुचवलाय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ठाण्यात, कळव्यापासून घोडबंदर रोडपर्यंत, घरोघरी जाऊन लकव्याच्या पेशंटना व्यायाम देते. स्कॅनवरून बरंच कळतं. पण ‘हात येणार नाही’ हा शिक्का नुसत्या फिल्मवरून कुणाला मारू देऊ नका.

हाताला हुकूम नेणाऱ्या तंतूंची जुडी मेंदूच्या पृष्ठभागापासून खाली पाठीच्या कण्यापर्यंत जाते आणि वाटेत बाजू बदलते. म्हणून डावीकडे रक्तस्राव, उजवा हात लुळा. बीपीमुळे होणारा रक्तस्राव बऱ्याचदा मेंदूच्या खोल भागात, या जुडीला अगदी खेटून होतो. आता खरा प्रश्न असा की त्या रक्ताने जुडी तोडली की नुसती बाजूला ढकलली? सीटी स्कॅनमध्ये रक्ताची गाठ दिसते, तंतू दिसत नाहीत. डीटीआयमध्ये पाणी तंतूंच्या दिशेने किती सरळ सरकतं ते मोजतात; रंगीत चित्रात वर-खाली जाणारे तंतू निळे दिसतात. दोन्ही बाजूंच्या आकड्यांची तुलना करतात. ढकललेली जुडी गाठ विरघळल्यावर पुन्हा कामाला लागू शकते, तुटलेलीचं तसं नसतं. सुरुवातीच्या दिवसांत सूज आणि रक्त चित्र बिघडवतात, त्यामुळे तुमच्याकडे आत्ता स्कॅन होतोय हे एका अर्थी बरंच आहे.

पण हाताकडेही बघा. २०१० च्या एका डच अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत बोटं थोडी सरळ करता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, तर सहा महिन्यांनी हाताचं काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्हीपैकी काहीच जमलं नाही तर २५ टक्के. (ते पेशंट रक्तवाहिनी तुंबून स्ट्रोक झालेले होते, हॅमरेजचे नव्हते, हे लक्षात ठेवा.) ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांच्या गटाने २०१२ मध्ये हाताचा अंदाज बांधायची जी पद्धत काढली तिच्यात एमआरआय होता, २०१७ च्या सुधारित पद्धतीत तो काढून टाकला, कारण पेशंटच्या प्रत्यक्ष तपासणीतून जवळपास तेवढंच कळत होतं.

कळव्यात एका आजोबांकडे गेले होते. मुलाने फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली, ‘डावीकडची वायर गेली म्हणे.’ त्या एका वाक्यावर घरच्यांनी दोन महिने हात शालीत बांधून ठेवला होता. मूठ इतकी आवळलेली की नखांचे वण तळव्यात उमटले होते. मी एकेक बोट सोडवलं, मनगट उशीवर टेकवलं आणि म्हटलं, आजोबा, बोट वर. तर्जनी हलली, गव्हाच्या दाण्याएवढी. आज ते त्या हाताने स्टीलचा पेला धरून ठेवतात आणि डाव्या हाताने त्यात पाणी ओततात. शर्टाची बटणं अजून आजीच लावतात. फिल्म खोटी नव्हती, पण त्या दोन महिन्यांत जे आखडलं ते सोडवायलाच आमचा अख्खा पावसाळा गेला.

तेव्हा स्कॅन परवडत असेल तर जरूर करा आणि डॉक्टरांना विचारा की जुडी तुटलीय की सरकलीय. आणि आज संध्याकाळी बाबांचा हात उशीवर ठेवून बोटं सरळ करायला सांगा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दर रविवारी तसाच घ्या, फिजिओला दाखवा. पाय बऱ्याचदा हाताच्या आधी येतो, म्हणून हात मागे पडला तर घाबरू नका. आणि उठवताना त्या लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला आधार द्या.